एक्केचाळीस नंबरची कुपी

मशीन खोटं बोलत नाही. हे बोरजाईवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तसं मशीनवरच लिहिलं होतं.

तात्या खोटं बोलत नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते तात्यांवर कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्यामुळे दोघांत वाद झाला तेव्हा गावाने मशीनवर विश्वास ठेवला. कोडं इथूनच सुरू होतं. मशीन खरं बोलत होतं, तात्याही खरं बोलत होते, आणि तरी दोघांचं म्हणणं एकमेकांच्या उलट होतं. हे कसं?

ही गोष्ट २०४३ सालची. बोरजाईवाडीच्या दूध संकलन केंद्रात तेव्हा एक यंत्रमानव होता. कागदोपत्री त्याचं नाव 'दुग्धपरीक्षक–४', पण गाव त्याला इन्स्पेक्टर म्हणायचं. कपाटाएवढा देह, दोन बारीक हात आणि पोटाला एक काचेची खिडकी. सभासदाने किटली पुढे केली की तो पळीभर दूध कुपीत घ्यायचा, त्यात दोन थेंब द्रावण टाकायचा आणि कुपी खिडकीत ठेवायचा. खिडकीत निळा उजेड फुलला की म्हणायचा, "शुद्ध. धन्यवाद. पुढचे सभासद." सगळं अर्ध्या मिनिटात. गावात एकमेकांना 'बरं आहे ना?' असं विचारण्याऐवजी 'निळं लागलं ना?' असं विचारायची पद्धत पडली होती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी सभासद क्रमांक एक्केचाळीस, रंगराव खिलारे ऊर्फ तात्या, यांची कुपी खिडकीत गेली आणि निळं लागलं नाही. विझत आलेल्या निखाऱ्यासारखं काहीतरी मळकट दिसलं.

"सभासद क्रमांक एक्केचाळीस," इन्स्पेक्टर म्हणाला, "आपल्या दुधात प्रतिजैविक आढळले आहे. दूध नाकारण्यात येत आहे. आपला दिवस आनंदात जावो."

प्रतिजैविक म्हणजे जंतू मारणारं औषध. गाईला कासदाह झाला (म्हणजे कास सुजून दगडासारखी घट्ट झाली) की बरेच लोक तिला या औषधाची सुई देतात. तशी सुई दिली की पुढचे काही दिवस ते औषध दुधात उतरतं, म्हणून ते दूध केंद्रावर घालायचं नसतं. तात्यांच्या पवळी गाईला आठवड्यापूर्वी कासदाह झाला होता, आणि हेही सगळ्यांना ठाऊक होतं. गाव लहान असलं की माहिती फार लवकर पोचते, फक्त ती पुरी पोचत नाही.

"सुई दिलीच न्हाई," तात्या म्हणाले. "सगळ्या कासेला लेप लावलाय. कोरफड, हळद आन् चुना. माझ्या आईपास्नं चालत आलंय. दुखऱ्या सडाचं दूध मी बाजूला काढून टाकतोय, हे चांगल्या तीन सडांचं हाय."

"तात्या, मला सांगून काय उपयोग?" केंद्राचे सचिव भाऊसाहेब हिंगमिरे म्हणाले. "त्याला सांगा."

तात्यांनी इन्स्पेक्टरला सांगितलं. इन्स्पेक्टर म्हणाला, "धन्यवाद. पुढचे सभासद."

असं लागोपाठ तीन दिवस झालं. चौथ्या दिवशी नियमाप्रमाणे तात्यांचं नाव केंद्राबाहेरच्या फलकावर लाल अक्षरांत लागलं. नाव महिनाभर राहणार होतं.

त्या महिन्यात बोरजाईवाडीत एक चमत्कार घडला. तात्यांच्या दारावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा चहा आत्ताच झालेला असायचा. पूर्वी हेच लोक हाक मारली नाही तरी यायचे. आता तात्या ओट्यावरून म्हणायचे, "या की, चहा घ्या." समोरचा चालता चालताच म्हणायचा, "नको तात्या, आत्ताच झाला." कोणी वाईट बोललं नाही. सगळे फक्त चहा पिऊन यायचे.

तात्यांची नात चैताली तेव्हा सातवीत होती. वर्गात ती भांडली, दोन मुलांशी बोलणं बंद केलं आणि एकाची वही ओढ्यात टाकली. पण मशीन खोटं बोलत नाही, हे तिलाही शाळेत शिकवलं होतं. एका दुपारी गोठ्यात तिने विचारलं, "तात्या, मला तरी खरं सांगा. दिली होती ना सुई?"

तात्या तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पवळीला पाणी दावलंस का?"

"दावलं."

"बरं."

त्यानंतर त्यांनी हा विषय कुणाजवळच काढला नाही. त्या दुपारनंतर पाचव्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टरांनी कागदावर 'हृदय' लिहिलं. वय एक्क्याऐंशी होतं. मशीनमुळे गेले असं म्हणता येणार नाही, आणि कुणी म्हटलंही नाही. माती द्यायला सगळं गाव आलं. नाव फलकावरून उतरायला तेव्हा आठवडा होता.

तुम्ही म्हणाल, बालकथेत हे कशाला? बाळांनो, मरण असं मधेच येतं, ते काही गोष्टीला विचारून येत नाही.

पुढचा सव्वा महिना चैताली शाळेत जायची, यायची आणि पवळीची धार काढायची. दूध केंद्रावर न्यायचं नाही, असं आईने ठरवलं होतं. मग एक दिवस हिंगमिरे आईशी बोलताना सहज म्हणाले, "वहिनी, तो नमुना आता नव्वद दिवस झाले की टाकून देऊ. मग विषय संपला."

"कुठला नमुना?" चैतालीने विचारलं.

"नाकारलेल्या दुधाची एक कुपी बर्फाच्या पेटीत ठेवतात. नियम आहे."

"मग कुणी पुन्हा तपासली का?"

"तपासायची असा नियम नाही," हिंगमिरे म्हणाले. "ठेवायची असा आहे."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चैताली केंद्रात गेली. इन्स्पेक्टरच्या पाठीवर, भिंतीच्या बाजूला, 'तक्रार' असं लिहिलेलं एक बटण होतं. तिथे एका कोळ्याने निवांत संसार थाटला होता. जाळं बाजूला करून तिने बटण दाबलं.

"तक्रारदाराचा सभासद क्रमांक?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"एक्केचाळीस."

"सभासद क्रमांक एक्केचाळीस मयत आहेत. मयत सभासदास तक्रार करता येत नाही."

"मग मी करते."

"आपण सभासद नाही."

चैतालीने बटणावरची अक्षरं पुन्हा वाचली. मग म्हणाली, "आणि तक्रार तुझ्याबद्दलच असेल तर?"

"यंत्राबद्दलची तक्रार कोणीही करू शकते. आपले नाव आणि तक्रारीचे स्वरूप थोडक्यात सांगा."

"चैताली खिलारे. तू चुकलास."

"अधिक काही?"

"नाही. एवढंच."

अकरा दिवस काही घडलं नाही. बाराव्या दिवशी दुपारच्या एसटीतून एक बाई उतरल्या. पांढरे केस, हातात काठी, खांद्याला जड पेटी. वय पंच्याहत्तरीच्या आसपास. सरळ केंद्रात येऊन त्यांनी विचारलं, "'तू चुकलास' अशी तक्रार करणारी चैताली खिलारे कोण?"

हिंगमिऱ्यांनी शाळेतून चैतालीला बोलावून घेतलं. ती आली ती चेहरा पाडूनच.

"मी शमीम मुजावर," बाई म्हणाल्या. "हे यंत्र मी बनवलंय. निवृत्त झाले तेव्हा संस्थेने विचारलं, मॅडम, काही काम ठेवू का तुमच्याकडे? मी म्हटलं, तक्रारी द्या. नऊ वर्षांत चार आल्या. तीन रंगाबद्दल होत्या, यंत्राला हिरवा रंग द्या म्हणून. तुझी चौथी. मी चुकले का ते बघायला आलेय. तुमच्या घरी आधी चहा मिळेल का?"

चैतालीच्या आईने चहा केला. मुजावर मॅडमनी एक कप घेतला आणि कप पुढे करून दुसरा मागितला. आई कप घेऊन आत गेली ती बऱ्याच वेळाने बाहेर आली. डोळे धुतल्यासारखे दिसत होते.

मग मॅडम चैतालीला घेऊन ओट्यावर बसल्या. पेटीतून त्यांनी एक कुपी काढली. तिच्यात फिकट चहासारखं पाणी होतं. मग एक छोटी बॅटरी काढली आणि कुपीवर धरली. बॅटरीचा उजेड दिसलाच नाही म्हणायला हरकत नाही, पण कुपी आतून निळीशार पेटली.

"हा अतिनील प्रकाश (जांभळ्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा). डोळ्यांत मारायचा नाही. आता सांग, न दिसणारा उजेड आत गेला आणि निळा बाहेर आला. मधे काय झालं?"

"माहीत नाही."

"तू भरलेली किटली घेऊन पळत निघालीस तर पोचेपर्यंत काय होतं?"

"हिंदकळून सांडतं थोडं."

"आणि पोचतं ते?"

"कमी."

"तसंच. कुपीतले कण अतिनील प्रकाशाची भरलेली किटली घेतात. त्यातली थोडी ऊर्जा उष्णता होऊन सांडते. उरलेली परत देतात, ती कमी ऊर्जेच्या निळ्या उजेडाच्या रूपात. याला प्रतिदीप्ती म्हणतात (एक प्रकाश घेऊन त्याहून कमी ऊर्जेचा दुसरा प्रकाश देणं)."

"कण कसले?"

"कार्बनचे ठिपके. लिंबाचा रस आणि आणखी एकदोन गोष्टी बंद भांड्यात, प्रेशर कुकरपेक्षा जास्त गरम, काही तास शिजवायच्या. पदार्थ खायला बेकार होतो, पण त्यात हे ठिपके तयार होतात. नॅनो म्हणतात त्यांना (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाने मोजावे लागतात इतके लहान). तुझ्या एका केसाच्या रुंदीवर सोळा हजार ठिपके ओळीने बसतील."

चैतालीने नकळत वेणीला हात लावला.

"दुधात प्रतिजैविक असलं की त्याचे रेणू या ठिपक्यांची ऊर्जा मधेच खाऊन टाकतात. ठिपका पेटतच नाही. म्हणजे जितकं औषध जास्त, तितका निळा उजेड कमी. इन्स्पेक्टर तेवढंच बघतो. उजेड कमी झाला, म्हणून औषध आहे."

"एवढ्याशा औषधाने काय होतं?"

मॅडमनी बॅटरी बंद केली. "माझा धाकटा भाऊ होता, अस्लम. अकरा वर्षांचा. पायात खिळा गेला. डॉक्टरांनी औषधं दिली, एकामागून एक, पण कुठलंच लागू पडलं नाही. औषध थोडंथोडं, रोज, कुठूनकुठून मिळत राहिलं की जंतूंना ते पाठ होतं. मग त्याला ते घाबरत नाहीत. दुधातूनही मिळतं. म्हणून मी हे यंत्र केलं. ते बंद पडावं असं मला वाटत नाही, चैताली. ते चुकू नये असं वाटतं."

चैताली बराच वेळ पायाच्या अंगठ्याने शेण-सारवणावर रेघा काढत होती. मग म्हणाली, "तात्यांना मीसुद्धा विचारलं होतं, सुई दिली का म्हणून. त्यांनी सांगितलंच नाही. मला वाटलं, दिली असेल."

मॅडम काठी घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "गोठा दाखव."

गोठा दुपारीही काळोखा होता. पवळी रवंथ करत होती. तिला आता सूज नव्हती, आजार नव्हता आणि तिच्यावरून काय झालं याची कल्पनाही नव्हती. मॅडमनी बॅटरी लावून दावणीवर, भिंतीवर, बादलीवर फिरवली. कुठे काही नाही. कोपऱ्यातल्या खुंटीवर एक फडकं लटकत होतं. उजेड त्याच्यावर गेला आणि फडकं पेटलं.

निळं नाही. पिवळं-हिरवं, काजव्यासारखं.

"हे कुणाचं?"

"तात्यांचं. कास पुसायचं. त्यांच्यामागे कुणी हात लावला नाही."

"हळद!" मॅडम एकदम म्हणाल्या. मग हळू आवाजात, "काळोखात राहिलं म्हणून टिकलं. उन्हात वाळत घातलं असतं तर डाग उडाला असता. तात्या लेप लावायचे, तो कसा दिसायचा?"

"लाल. कुंकवासारखा."

"चुन्याने हळद लाल होते. म्हणून पिवळं काही शोधायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पण लेप धार काढण्याआधी धूत असतील ना?"

"धुवायचे की! दोनदा, कोमट पाण्याने. लख्ख."

"पाण्याने," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या शाळेच्या शर्टावर वरणाचा डाग पडला तर पाण्याने जातो का?"

"नाही जात."

"हळदीतला रंग पाण्यात विरघळत नाही. तेलातुपात विरघळतो. म्हणजे धुतल्यावरही तो सडाला चिकटून राहिला असणार. पण मग गावात बाकीचे कुणी लेप लावत नाहीत का? त्यांचं दूध का नाही नाकारलं?"

"लावतात दोन घरं. पण ते यंत्राने धार काढतात. तात्या हाताने काढायचे." चैताली बोलता बोलता थांबली. मग पवळीच्या बाजूला तात्यांसारखी उकिडवी बसली आणि मोकळ्या हवेत बोटं हलवली. पहिली धार, दुसरी धार. मग उजव्या हाताची दोन बोटं खाली नेली, रिकाम्या जागी बुडवली आणि परत वर नेली.

"हे काय केलंस?"

"बोटं ओली केली. कोरड्या हाताने सड दुखतो. तात्या दर पाचसहा धारांनंतर बादलीतल्या दुधात बोटं बुडवायचे." तिचा आवाज बारीक झाला. "मलाही तसंच शिकवलंय."

दुधात साय असते आणि साय म्हणजे स्निग्ध पदार्थ. जो रंग दोनदा धुऊन पाण्याला सुटला नाही, तो दुधात भिजलेल्या बोटांना सुटला. बोटांवरून बादलीत, बादलीतून किटलीत. इतका थोडा की डोळ्यांना दिसायचा नाही. गाईचं दूध मुळातच जरा पिवळसर असतं.

"पण हळद म्हणजे औषध नाही," चैताली म्हणाली. "मग निळा उजेड कमी का झाला?"

"दिव्यासमोर कुणी उभं राहिलं तर दिवा विझतो का?"

"नाही. सावली पडते."

"हळद ठिपक्यांच्या वाटेत उभी राहिली. आत जाणाऱ्या प्रकाशातला थोडा तिने खाल्ला, बाहेर येणाऱ्या निळ्यातलाही खाल्ला. इन्स्पेक्टरला वाटलं दिवा विझला. त्याने उजेड कमी झालेला पाहिला, तेवढं खरं होतं. कारण मात्र त्याने पाहिलं नाही, धरून चालला. त्याला एकच कारण शिकवलेलं होतं."

मॅडम फडक्याकडे बघत होत्या. "आणि शिकवणारी मी. माझ्या मूळ पद्धतीत एक पायरी जास्त होती. दूध आधी नासवायचं. साय आणि प्रथिनं चोथ्यात जातात आणि हळदीसारखा रंगही त्यांच्याबरोबर चोथ्यात जातो. खाली राहते ती निवळी. सुईतलं औषध बरंचसं पाण्यात राहणारं, म्हणून ते निवळीत सापडतं. तपासायची ती निवळी. पण त्याला सात मिनिटं जास्त लागायची. संस्थेच्या समितीने सांगितलं, रांग लांबते, लोक कुरकुरतात. पायरी काढून टाका. मी सही केली."

दोघी गोठ्याबाहेर आल्या. दारात मॅडम थांबल्या.

"कुपी एकच आहे आणि तपास एकदाच होणार. लेप लावला होता हे खरं. पण लेप लावूनही कुणी सुई देऊ शकतं. निवळी काळवंडली तर तुला ते आयुष्यभर माहीत राहील. नऊ दिवसांनी कुपी टाकून देतील, मग काहीच कळणार नाही. ते जास्त सोपं आहे. काय करू?"

चैतालीने पवळीकडे पाहिलं. "तपासा."

केंद्रात हिंगमिऱ्यांनी बर्फाच्या पेटीतून कुपी काढली. मॅडमनी आधी केंद्रातलं साधं दूध दोन कुप्यांत घेतलं. एकीत गुरांच्या दवाखान्यातून आणवलेल्या सुईच्या औषधाचा बारीकसा थेंब टाकला, दुसरीत चिमटीला लागलेली हळद. तिसरी तात्यांची. तिन्ही कुप्यांत लिंबू पिळलं.

"आता काय?" हिंगमिरे म्हणाले.

"आता सात मिनिटं," मॅडम म्हणाल्या.

बोरजाईवाडीच्या केंद्रात सात मिनिटं कुणी काही न करता उभं राहिल्याची ही पहिलीच वेळ. भिंतीवरचं घड्याळ चालतं आणि त्याला आवाजही आहे, हे हिंगमिऱ्यांना त्या दिवशी कळलं. दूध हळूहळू फाटलं. चोथा वर गोळा झाला, खाली हिरवट निवळी राहिली. मॅडमनी निवळी गाळून घेतली, तिच्यातला आंबटपणा सोड्याने मारला, प्रत्येकीत ठिपक्यांचे दोन थेंब टाकले.

सुईच्या औषधाची कुपी खिडकीत गेली. निळं मळलं, जवळजवळ विझलं. चोथा काढला तरी औषध निवळीत राहिलं होतं.

हळदीची कुपी गेली. निळं लागलं.

"आता एक्केचाळीस," मॅडम म्हणाल्या. चैतालीने डोळे मिटून घेतले.

मग हिंगमिऱ्यांचा आवाज आला, "पोरी, बघ की गं."

खिडकी निळी झाली होती. गोकर्णाच्या फुलासारखी, काठोकाठ निळी. मॅडमनी तात्यांच्या कुपीतला चोथा बशीत घेऊन त्यावर बॅटरी धरली. तो काजव्यासारखा पिवळा-हिरवा दिसत होता.

"सभासद क्रमांक एक्केचाळीस," इन्स्पेक्टर म्हणाला, "शुद्ध. धन्यवाद. पूर्वीचा निकाल चूक. चुकीचे कारण सांगा."

मॅडम म्हणाल्या, "लिही. घाई."

"कारण: घाई. नोंद झाली. पुढचे सभासद."

पुढे कुणी नव्हतं. चैताली तिथेच जमिनीवर बसली आणि तिला पहिल्यांदा मोठ्याने रडू आलं. निळं लागल्यावर रडणारी बोरजाईवाडीतली ती पहिलीच.

"मी त्यांना असं कसं विचारलं?" ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

मॅडम काठी टेकत कशाबशा तिच्याशेजारी खाली बसल्या. "विचारलंस, ते चूक नव्हतं. उत्तर आलं नाही तेव्हा उत्तर तूच धरून चाललीस, ती चूक. मी बनवलेल्या यंत्राने तेच केलं. त्याला मी दुरुस्त करणार आहे. आपल्याला दोघींना मात्र हे घेऊनच चालायचंय. ते हलकं होतं की नाही, मला पंच्याहत्तरीतही सांगता येणार नाही."

हिंगमिऱ्यांनी फलकाचे नियम उघडून पाहिले. नाकारलेल्यांची नावं लावायची सोय होती, निर्दोष ठरलेल्यांची नव्हती. त्यांनी बराच विचार केला. मग शाळेतून खडू मागवला, केंद्राच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने 'रंगराव खिलारे यांचे दूध शुद्ध होते' असं लिहिलं आणि सरळ चैतालीच्या घरी गेले.

"वहिनी," दारातूनच ते म्हणाले, "चहा मिळंल का?"

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशीही गावातल्या कुणाचाच चहा झालेला नव्हता. एकामागून एक माणसं आली. ओटा भरला, कप कमी पडले, शेजारून आणले. हाक मारणाराच तेवढा ओट्यावर नव्हता.

आता केंद्रात दूध आधी नासवतात आणि इन्स्पेक्टर त्याची निवळी तपासतो. सकाळी रांग वेशीपर्यंत जाते. मुजावर मॅडमचं पत्र आलंय. त्या नव्या ठिपक्यांवर काम करताहेत, जे दोन रंगांत उजळतात, एक निळ्यात आणि एक लालात. सुईचं औषध असेल तर फक्त निळा मंदावेल, कारण लाल ठिपक्याला ते ओळखत नाही. दुसरं कुणी वाटेत उभं राहिलं तर रंगांचं गणित वेगळं दिसेल, आणि इन्स्पेक्टर म्हणेल, 'मला कारण कळलं नाही, थांबा.' यंत्राला हे वाक्य शिकवणं सगळ्यात अवघड जातंय, असं मॅडमनी लिहिलंय. ते जमलं की सात मिनिटांचं काम पुन्हा अर्ध्या मिनिटावर येईल. मोठी झालीस की मदतीला ये, असंही लिहिलंय. चैतालीने उलट टपाली कळवलं, येते, पण घाई करू नका.

पवळीची धार तीच काढते. बोटं ओली करायला तिने वेगळ्या वाटीत दूध घेतलेलं असतं आणि ती वाटी नंतर वासराला देते. रोज सकाळी किटली घेऊन ती रांगेत उभी राहते. क्रमांक एक्केचाळीस आता तिच्या आईच्या नावावर आहे.

परवा कुण्या पाहुण्याने रांगेत घड्याळ बघत विचारलं, "अहो, हे सात मिनिटांचं खूळ कुणी काढलं?"

हिंगमिऱ्यांनी मान वर केली नाही. "खिलारे तात्यांनी," ते म्हणाले, आणि कुपीत लिंबू पिळलं.